आईचा नवस आणि माझं बॅलन्स ट्रान्सफर

हिंगणघाटच्या एका शाळेत आठवीला चक्रवाढ व्याज मी शिकवतो, आणि घरी भरतोही मीच.

क्रेडिट कार्डावर मी काय घेतलं नाही ते विचारा! भला मोठा फ्रीज, इन्व्हर्टर, आणि डॉक्टर 'रोज चालत जा' म्हणाले म्हणून घरातल्या घरात पळायचं यंत्र. (डॉक्टरांनी रस्त्यानं चालायला सांगितलं होतं. पण ते फुकट होतं, म्हणून मला पटलं नाही.) त्या यंत्रावर मी एक आठवडा पळालो. तेव्हापासून आई त्याच्यावर गोधड्या वाळत घालते. दर महिन्याला बँक म्हणायची, निदान एवढे तरी भरा. मी बरोब्बर तेवढेच भरायचो आणि वर्गात जाऊन सांगायचो, "पोरांनो, मुद्दल तसंच ठेवलं तर व्याजावर व्याज चढतं बरं!" पोरं माना डोलवायची. उदाहरण हातात खडू घेऊन समोर उभं आहे, हे त्यांना कुठं ठाऊक!

एक दिवस मी आंघोळीला गेलो असताना बँकेचा फोन माझ्या बायकोनं, म्हणजे रेखानं उचलला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ही दारात उभी.

"कितीचं कर्ज हाये तुमच्यावर?"

"आहे थोडंसं."

"थोडंसं? ते बाई आकडा सांगून राह्यली तर मले खालीच बसा लागलं! गणिताचा मास्तर म्हणून माह्या बाबानं तुमाले पोरगी देल्ली ना!"

मग फर्मान सुटलं. आठवड्याभरात मार्ग काढायचा. अन् यापुढं या कार्डावर एक रुपया जरी चढला, तर माझं पगाराचं एटीएम कार्ड तिच्या ताब्यात. "मंग पेट्रोलले पैसे माह्याकडं मागजा." आता सांगा, घरातला कर्ता पुरुष म्हणून माझ्याजवळ दुसरं काय होतं? मिशी आहे, पण ती विरळ. जी काय अब्रू होती ती त्या एटीएम कार्डात होती!

देव पावला म्हणायचा, त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बँकेच्या मुलीचा फोन आला. "सर, आपका पुराना बकाया हम भर देंगे. आप हमें धीरे धीरे दीजिए." मी फोनलाच नमस्कार केला. याला म्हणे बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. पर्याय दोन. एकात मुदत लांब आणि व्याज थोडं. दुसऱ्यात काही महिने व्याजच नाही, फी तेवढी आधी घेणार. पण मुदतीत फिटलं नाही तर व्याज पहिल्यापेक्षाही जबर. मी रद्दी उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू भरभरून गणितं केली आणि जाहीर केलं, "बिनव्याजीच घ्यायचं!"

रेखा पोळ्या लाटत होती. "महिन्याले किती भरनं होते आपल्याच्यानं?"

मी आकडा सांगितला.

"मंग त्या मुदतीत फिटते काय?"

मी पुन्हा उत्तरपत्रिका पाहिली. फिटत नव्हतं. लांब मुदतीचा पर्याय घेतला. (शाळेत सांगताना हा निर्णय मी स्वतः घेतला होता.)

"अन् जुनं कार्ड माह्यासमोर कापा," रेखा म्हणाली. मी कात्री आणून टराटरा कापलं. फक्त ते क्रेडिट कार्ड नव्हतं, मुदत संपलेलं जुनं एटीएम कार्ड होतं. खरं कार्ड लायसनच्या मागं सरकवून ठेवलं. अडीअडचणीला असावं म्हणून!

चार दिवसांनी मेसेज आला: जुन्या कार्डाची बाकी शून्य. मला काय आनंद झाला! मी तो मेसेज मोठ्यानं वाचला. आई वसरीत, म्हणजे ओसरीवर, तूर निवडत बसली होती.

"फिटलं काय रे मन्या?"

हीच ती वेळ होती खरं सांगायची. पण या बँकेनं त्या बँकेचे भरले आणि आता मी या बँकेचा देणेकरी, हे आईला समजावायचं म्हणजे जेवणाची वेळ टळणार. शिवाय कर्तबगार मुलगा म्हणवून घ्यायचा मोह!

"हो आई, फिटलं!"

आईनं सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. "गिरडच्या बाबा, आयकलं रे माय तू!"

"म्हणजे?"

"तो बँकेचा फोन आल्यापासून नवस बोलली ना मी! मन्याचं कर्ज फिटलं का दर्ग्यावर मलिदा, अन् टेकडीखाली साऱ्या गल्लीले रोडग्याचं जेवन!"

"करू ना आई. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळी गिवाळी काई नाई! नवस लांबवला का काम उलटते. या आयतवारीच. अन् ज्याच्यासाठी बोलला, खर्च बी त्याच्याच कमाईचा पायजे."

मी आशेनं रेखाकडं पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून हसत होती. "माह्याकडं काऊन पाह्यता? फिटलं म्हनून तुमीच सांगितलं. निस्तरा आता."

संध्याकाळपर्यंत आई गल्लीभर सांगून आली. आमची गल्ली पुढच्या चौकाच्या पलीकडंही जाते, हे मला त्या दिवशी कळलं!

पगार नव्या बँकेच्या पहिल्याच हप्त्यात गेलेला. खिशात काय होतं? लायसन. आणि लायसनच्या मागं ते. बाकी शून्य! धुऊन वाळत घातलेलं स्वच्छ कार्ड! किराणावाल्यानं ते यंत्रावर टेकवलं, यंत्र 'टुंग' वाजलं. कणीक, तुरीची डाळ, तेल, गूळ, तूप. मेसेज आला की मी पुसून टाकायचो. रेखानं विचारलं, "पैसे कोठून आनले?" म्हटलं, "शाळेच्या पतसंस्थेत पडून होते." शेजारचे गजूभाऊ आपला टेम्पो काढायला एका पायावर तयार. "भाडं नोको सर. डिझेल तेवढं भरून देजा." वाटेत जाम गावच्या चौरस्त्यावर मी टाकी फुल्ल केली, शेजारच्या डेअरीत दही घेतलं. टुंग!

गिरडला काय थाट वर्णावा! वर दर्ग्यात मलिदा चढवून झाला. खाली गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजताहेत, वांग्याच्या भाजीचा वास थेट टेकडीवर पोचलाय. आई एका दगडावर उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या मन्याचं सारं कर्ज फिटलं हो!" लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"सर, आमाले बी सांगा ना कसं फेडलं!" गजूभाऊ म्हणाले.

खरं तर इथं तोंडात रोडगा कोंबून गप्प बसावं. पण मास्तर पडलो! "त्याला नियोजन लागतं गजूभाऊ. मनावर ताबा लागतो. कार्ड दिसलं की हात शिवशिवतात, तो हात आवरता आला पाहिजे..."

माझा फोन तेव्हा रेखाच्या हातात होता. खाली रेंज नव्हती. ती आईचा फोटो काढायला म्हणून चार पायऱ्या वर चढली, आणि वाटेत अडकलेले मेसेज धडाधड येऊन पडले. एक डिझेलचा. एक दह्याचा. आणि वर बँकेकडून प्रेमाचा निरोप: आमचं कार्ड पुन्हा वापरू लागल्याबद्दल आभार!

"हे कार्ड तं तुमी माह्यासमोर कापलं होतं ना?" रेखानं वरूनच विचारलं. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं.

"कायचं कार्ड?" आई.

"आई, म्हणजे फिटलं तसं... पण म्हणजे तिकडचं इकडं आलं."

आईनं क्षणभर विचार केला. "खोलीतला कचरा झाडून वसरीत आनला, अन् मले सांगते घर साफ झालं?"

"हो."

"अन् हे जेवन?"

"ते... पुन्हा खोलीत."

पंगतीतल्या लोकांचे हातातले रोडगे हातात. शेवटी गजूभाऊंनीच धीर केला. "असू द्या काकू. रोडगे मातर मस्त झाले. मले अजून एक वाढा."

लोक हसले, पण आईचे डोळे भरून आले होते. "मन्या, देवाजवळ मले खोटं बोलायले लावलं रे तू." खरं सांगतो, तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघे दुखत असताना ती पुन्हा टेकडी चढली. मी हात धरून मागं. वर जाऊन तिनं मोठ्यानं सांगितलं, "बाबा, पोट्टं लबाड बोललं. हे जेवन तू आगाऊ समजजो. खरंच फिटलं का मी पुऱ्या वार्डाले जेवू घालीन!"

"आई, वार्ड नको!"

"चूप बस!"

खाली रेखा तळहात पुढं करून उभीच होती. मी पगाराचं कार्ड त्यावर ठेवलं. क्रेडिट कार्ड तिनं वांगी चिरायच्या विळीवर स्वतः चिरलं, चांगल्या फोडी करून.

पुढचं सगळं रेखानं केलं. पळायचं यंत्र विकलं, गोधड्या तारेवर गेल्या, हप्त्याच्या वर दर महिन्याला काहीतरी जास्तीचं भरलं. मला पेट्रोलपुरते मिळायचे, तेही पंपाची पावती दाखवल्यावर. आणि गेल्या महिन्यात दोन्ही बँकांचं फिटलं. खरोखर फिटलं! रेखानं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "वार्ड इसरले काय?"

वसरीतून आईचा आवाज आला. "मन्या, राह्यलं काय रे अजून?"

"हो आई, आहे थोडं!"

मग मी रेखासमोर हात पसरला. "दे आता माझं कार्ड."

"काऊन?"

"कर्ज फिटलं ना," मी पुटपुटलो.

"काय म्हन्लं? जरा जोरात बोला ना, आईले आयकू नाई आलं."

मी पेट्रोलचे पैसे घेतले आणि गुपचूप शाळेत गेलो.