बाई हसल्या तो तास

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘पासवर्डबाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. स्टाफरूममध्ये कोणाचा फोन अडला, कोणी आपला पासवर्ड विसरलं, की बाईंना हाक. मुख्याध्यापकांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या बायकोची जन्मतारीख, आणि तीसुद्धा ते दरवेळी बाईंनाच विचारायचे. बाई कधी चिडत नसत. नवरा लवकर गेलेला, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं उरकून बाई धावतपळत यायच्या आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत कोणाचं तरी काम हातात घ्यायच्या. बोलणंही तसंच भरभर. मी भाषा शिकवतो, मला शब्द चघळत बोलायची खोड. माझं एक वाक्य संपेपर्यंत त्यांची दोन कामं झालेली असत, तरी आमचं पटायचं.

एकदा वरून हुकूम आला. इंटरनेटवर एकमेकांशी नीट कसं वागावं, कोणाला छळू नये, यावर प्रत्येक वर्गात एक तास घ्यायचा. असले हुकूम आम्ही बहुतेक वेळा फोटोपुरतेच पाळतो. चार मुलांनी हात वर केलेले दिसले की काम फत्ते. बाईंना ते पटेना. त्यांनी मन लावून तयारी केली, पडद्यावर दाखवायला चित्रं काढली, आणि पहिला तास माझ्या वर्गावर घेतला. वर्गशिक्षक म्हणून मी शेवटच्या बाकावर बसलो होतो.

तास खरंच रंगला होता. “समोरच्याच्या तोंडावर जे बोलायला जीभ रेटत नाही,” बाई सांगत होत्या, “ते फोनवरूनही बोलायचं नाही. आणि तुम्हाला कोणी त्रास दिला, तर गप्प बसायचं नाही. मला येऊन सांगा.” मुलं चिडीचूप ऐकत होती. मग बाईंनी एक छोटी फिल्म लावली आणि ती मध्येच अडकली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

“थांबा जरा,” बाई सवयीनं म्हणाल्या, “बफरिंग होतंय.”

आधी दोन-तीन कोपऱ्यांतून खुसखुस झाली आणि मग सगळा वर्ग हसत सुटला. बाईंना वाटलं, मुलं शाळेच्या नेटला हसतायत. त्या नेटला आम्ही सगळेच हसायचो. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “हो ना, आपलं हे बफरिंग काही सुधारायचं नाही!” असं म्हणून त्याही हसल्या, अगदी मनापासून. मी हसलो नाही, पण त्यात माझा मोठेपणा नाही. मला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उठली आणि बाहेर गेली. पाणी प्यायला गेली असेल, असं आम्हाला वाटलं.

ती त्यानंतर शाळेत आलीच नाही. आली ती तिची आई. दवाखान्यात नर्स आहे ती. ड्युटीवरून थेट आली होती, अंगावर गणवेश तसाच. मुख्याध्यापकांनी बाईंना आणि मला बोलावून घेतलं. तिनं मुख्याध्यापकांच्या टेबलावर फोन ठेवला आणि एक व्हिडिओ लावला. तिची मुलगी बोलताना अडखळते, हे आम्हाला माहीत होतं. एकदा सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर बातम्या वाचताना ती अडली, तेवढाच तुकडा कोणीतरी कापून घेतला होता आणि तिच्या तोंडावर ते गोल फिरणारं चक्र चिकटवलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘बफरिंग’. आता वर्गात तिला त्याच नावानं हाक मारत.

“पोरांचं एक वेळ सोडा,” आई म्हणाली, “पण बाई, तुम्हीसुद्धा?”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापक सावरायला गेले. “अहो, बाईंना कुठे माहीत होतं हे?”

“नव्हतं ना? तुम्हाला माहीत नव्हतं, हे माझ्या मुलीला कसं माहीत असणार?”

मी टेबलावरचा तो फोन पालथा करून ठेवला.

बाई तशाच उठल्या आणि माझ्या वर्गावर गेल्या. मी मागोमाग गेलो. व्हिडिओ कोणी केला, हे त्यांनी विचारलंच नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी आपणहून म्हणाली, “बाई, आम्ही काहीच केलं नाही. आम्ही फक्त हसलो.”

“मीपण फक्त हसले,” बाई म्हणाल्या. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत झाली माझी. तुम्ही तिला रडवलंत आणि मी शिकवता शिकवता तेच केलं.” व्हिडिओ करणारा पोरगा दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आपणच आला. फोनमधून व्हिडिओ पुसलाही गेला. पण पुसून टाकलं म्हणून ऐकलेलं थोडंच जातं.

वर्गात हे घडलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं मुलीच्या घरी गेलो. बाईंना दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची सवय. त्या दिवशी मात्र त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मुलगी बराच वेळ चादरीचं टोक पिळत राहिली.

“त... त्या दिवशी तास स... संपल्यावर,” ती म्हणाली, “मी तुम्हाला सां... सांगणार होते.”

बाई रडल्या. मुलीनंच उठून त्यांना पाणी आणून दिलं. परत शाळेत ये, असं त्यांनी नाना परीनं विनवलं. मुलगी ऐकून घ्यायची आणि मान हलवून नाही म्हणायची. रागानं नव्हे. तिला आता तिथे भीती वाटत होती, आणि जायला सांगायचा हक्क आमच्यापैकी कोणाला होता?

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती आईबरोबर आली, तेव्हा बाई कार्यालयाच्या दारातच उभ्या होत्या. “नव्या शाळेतही असा तास होईल,” त्या म्हणाल्या. “तिथल्या बाईंशी मी आधी बोलून ठेवू का? तुझ्याबद्दल?”

“म... माझ्याबद्दल नको.” ती थांबली. बाईही थांबल्या. “त्यांना एवढंच स... सांगा, वर्ग ह... हसला की आधी विचारायचं, क... कशाला हसताय. म... मग हसायचं.”

बाई अजूनही तो तास घेतात. वर्ग हसला की हातातलं सोडून विचारतात, “कशाला हसताय?” मुलं सांगतात. बहुतेक वेळा साधंच काहीतरी असतं, कोणाची पेन्सिल पडलेली किंवा कोणाला जांभई आलेली. बाई सगळं ऐकून घेतात. पण तोवर त्यांचं हसू निघून गेलेलं असतं.