भाग घेतलेल्यांनाच तंबू

सन दोन हजार तीन. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवत होतो. चालवत होतो म्हणजे स्वयंपाक माझी घरची करायची. मी बाजार, पाणी आणि भांडणं सांभाळायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी डॉक्टर व्हायला आलेली पोरं मी वाढलेलं खाऊन शिकत होती, याचा मला तोरा होता. अजून हाय.

आम्ही औसा तालुक्यातले. भूकंपात घर पडलं. त्या पहाटे काय काय गेलं ते मी इथं लिहिणार न्हाई. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडं वाचावं. एवढंच सांगतो, त्या दिवसापासून घरची पक्क्या छपराखाली झोपली न्हाई. सरकारनं सिमेंटचं घर दिलं, तिनं त्यात ज्वारी ठेवली. लातुरात आल्यावरही मेसच्या मागच्या अंगणात बाज टाकून झोपायची. पाऊस आला की वर ताडपत्री. ताडपत्रीचं तिला काही वाटायचं न्हाई. कापड अंगावर पडून कुणी मेलं न्हाई, म्हणायची. मी शेजारी झोपायचो. लोक हसायचे, हसू द्या.

क्लासच्या सरांनी त्या वर्षी नवी इमारत बांधली. दिवाळीनंतर मेस तिथं न्यायची आणि आम्हाला खाली एक खोली द्यायची, असं त्यांनी ठरवलं. अट एकच, अंगणात झोपायचं नाही. पालक येतात, बरं दिसत नाही. मी 'बघू' म्हणलो. घरचीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही जावा खोलीत. मी कुठं अडवलंय?"

दसरा झाल्यावर सरांनी अकरावीची पोरंपोरी माहूरच्या डोंगरात शिबिराला नेली. स्वयंपाकाला आम्ही. डोंगर चढायचा, दोर धरून कडा उतरायचा, संध्याकाळी शेकोटी. हे शिकवायला पुण्याहून एक तरुण आणला होता, अर्धी चड्डी आणि गळ्यात शिट्टी. पोरं त्याला कॅम्पसर म्हणायची. सागाच्या झाडांमधल्या मोकळ्या रानात त्यानं तंबू ठोकले होते आणि बाजूला भाड्यानं घेतलेला स्लॅबचा हॉल होता.

कॅम्पसरनं सगळ्यांना उभं करून हुकूम सोडला. पोरं तंबूत, कामाची माणसं हॉलमध्ये. रात्री उघड्यावर कुणी झोपायचं नाही.

घरचीनं स्लॅबकडं एकदा बघितलं आणि वळकटी सागाखाली ठेवली.

"मावशी, तिथं नाही हं," कॅम्पसर म्हणाला. "इकडं अस्वल येतं."

"येऊ दे. अस्वल छप्पर तर पाडत न्हाई."

पोरं खो खो हसली. मग क्लासचे सर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला समोर कुणी बसलेलं दिसलं की शिकवायची खोड. म्हणाले, "मामा, या मुलांना इथं कशाला आणलंय? भीती घालवायला. दहा वर्षं झाली आता. मावशींनी आज हॉलमध्ये झोपायचं. ही त्यांची अॅक्टिव्हिटी समजा. इथं जमलं की नव्या खोलीतही जमेल."

मला ते लई लागलं. पोरं कड्यावर खेळणार आणि आमचं मरण त्या खेळाच्या यादीत बसवणार? मी म्हणलो, "सर, एक तंबू द्या. न्हाई तर चूल पेटणार न्हाई."

"कोण म्हणतं पेटणार न्हाई?" घरची मागून म्हणाली. "लेकरं सकाळपासून बसमध्ये बसलीत. हट्ट करायचा तर स्वतःच्या पोटावर करा." आणि तिनं चूल पेटवली. माझी बाजू तिथंच पडली.

कॅम्पसर बिचारा मधे सापडला. एक तंबू शिल्लक होता, पण तंबू भाग घेतलेल्यांनाच द्यायचा असा नियम, असं तो म्हणाला. घरचीनं भाताखालचा जाळ ओढला आणि उभी राहिली.

"मग मी भाग घेते."

मी म्हणलो, "काही गरज न्हाई. आभाळाखाली झोपायला कुणाची परीक्षा द्यायची न्हाई आपल्याला."

"तुमचं आभाळ तुमच्यापाशी ठेवा. मला जागा पाहिजे, भाषण नको."

दुपारी ती पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कडा दोन मजली घराएवढा. तिनं कासोटा आवळून घेतला, पदर खोचला, वरून ते पट्टे बांधून घेतले आणि डोक्यावर टोप. मी खाली उभा. हात बांधून. बघायचं न्हाई असं ठरवलं होतं, पण बघत होतो.

अर्ध्यात ती थांबली. वरून कॅम्पसर ओरडत होता, "मावशी, पाय सरळ! मागं झुका! दोर सैल सोडा!" पोरंही तेच ओरडायला लागली. ती दगडाला चिकटलेली. मी काही बोललो न्हाई. बोललो असतो तर तिनं तिथूनच मला झापलं असतं. पण न बोलूनही सुटका झाली न्हाई.

"अवो!" ती वरून ओरडली. "हात बांधून काय उभे ऱ्हायलात? मी पडले तर झेलणार का सरकारी मदतीची वाट बघणार?"

मी हात सोडले. ती मागं झुकली आणि धपाधपा पाय टाकत खाली आली. कोपर खरचटलं होतं. पोरींनी शिट्ट्या मारल्या, एकीनं तर गळ्यात हात टाकला. घरचीनं टोप काढून कॅम्पसरनं खाली ठेवलेल्या माणसाला दिला आणि म्हणाली, "आता तंबू दाखवा."

तंबू मिळाला. मला वाटलं, मिटलं.

संध्याकाळी शेकोटीभोवती सगळे बसले तेव्हा सर उठले. "मुलांनो, आजचा खरा धडा मावशींनी दिला. भूकंपात सगळं गेलेली बाई आज कडा उतरली. भीती गेली! दिवाळीनंतर मावशी आपल्या नव्या इमारतीत राहायला येतील. मावशी, दोन शब्द बोला."

टाळ्या पडल्या. घरची पोळ्यांचं पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातानं उभी राहिली.

"मी दोराला भेतच नव्हते," ती म्हणाली. "दोर वर कुणीतरी धरलेला असतोय. मी छपराला भेते, त्याला कुणी धरलेलं नसतंय. ते तसंच हाय. त्यावर मी कुणाला औषध मागितलं न्हाई." आणि बसली.

सरांनी एक गाणं सुरू केलं. ते संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मामा, तुम्ही समजावा त्यांना. नाही तर मला दुसरी सोय बघावी लागेल. इतकी वर्षं झाली, माणसानं पुढं जायला पाहिजे."

मी म्हणलो, "आम्ही पुढंच आलोय सर. औशाहून लातूरला, लातूरहून माहूरला. नुसते बाहेर झोपत आलोय."

जेवणं उरकल्यावर ती तंबूत गेली. मी दाराशी घोंगडी टाकली. आतून म्हणाली, "या की आत. जागा हाय."

"मी भाग घेतला न्हाई. नियम हाय."

"मग झोपा तिथंच. अस्वल आलं तर आधी तुम्हाला खाईल, माझी झोप तरी होईल."

मी बाहेरच झोपलो. कुणी म्हणेल, उगाच. असेल. पण सवलत म्हणून कापडाखाली मला जायचं नव्हतं, आणि तिनं जे स्वतः कमावलं होतं त्यात वाटा मागायचा नव्हता. पडल्या पडल्या मी हिशेब केला न्हाई, मेस गेली तर काय याचा. तो केला असता तर सकाळी तोंड उघडलं नसतं.

सकाळी उठून मी पाणी आणलं. घरचीनं चुरमुरे भिजवून सुशीला केली, वर कोथिंबीर आणि दाण्याचा कूट. पोरांना वाढून झाल्यावर मी सरांची ताटली घेऊन गेलो. ते खडकावर बसून दरी बघत होते. ताटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणलो, "सर, दिवाळीनंतर दुसरा आचारी बघा. आम्ही खोलीत येणार न्हाई."

"मामा, घाई करू नका. विचार करून सांगा."

"विचार झालाय."

घरची चुलीपासून बघत होती. मी तिला हातानंच खूण केली, सांगितलं म्हणून. ती पुढच्या पातेल्याकडं वळली. सरांचा चहा राहिला होता. तो मी नेऊन दिला.