दोन शिफ्टमधला तह

रोह्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी बातम्या टाइप करायला जात असे. धाटावच्या कंपनीतला एक माणूस पहिली शिफ्ट संपवून तिथे येई, जेवणाचा डबा मांडीवर ठेवी आणि राज्यांच्या लढाईचा खेळ उघडी. एक खेळी करून तो उठे. समोरच्या राजाची खेळी त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी त्याच कॉम्प्युटरवर करी. गडब गावातल्या शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. खेळात मात्र त्यांचा तह होता.

"तह असला की कुणाचं सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत शिरत नाय," त्याने मला सांगितलं. "मोडायचा तर आधी कळवायला लागतं. गावात हाय का अशी सोय?"

तरीही माउसला भावाचा हात लागलेला म्हणून तो आधी रुमालाने पुसून घेई.

एका दुपारी पडद्यावर सूचना दिसली. भावाने तह मोडला होता.

दुसऱ्या दिवशी हा रजा टाकून सकाळीच क्लासच्या दारात उभा. भाऊ आला.

"माझ्या हद्दीवर हत्ती कशाला आणलेस रे?"

"तू घोडे का ठेवलेस, दादा?"

"राखणीला!"

भांडत भांडत दोघे समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. दुसऱ्या चहाला विषय हत्तींवरून बांधावर आला. क्लासवाल्याने दारातूनच विचारलं, "कॉम्प्युटर बंद करू का?"

"नको," हा ओरडला. "इथं नाय मिटलं तर लागंल."