शटरसमोरच्या चपला

इकडे ये ग, अशी जवळ बस. महिनोन्‌महिने तोंड दाखवायचं नाही आणि आलीस की दारातूनच निघायची घाई, ही कुठली रीत?

काल आमच्या महिला पतसंस्थेच्या बंद शटरसमोर नुसती चपलांची रांग होती. ठेवी परत मागायला आलेल्या बायका ऊन चढलं की रांगेतल्या आपल्या जागी चपला ठेवतात आणि अनवाणी समोरच्या झाडाखाली बसतात. कुणी कुणाची चप्पल हलवत नाही. एवढा विश्वास अजून उरलाय. तांबड्या पट्ट्याची माझी. तेवढा रंग कळतो. डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे आतच अडकलेत.

आमच्या चिमूटभर ठेवींवर संस्था बरी चालली होती. मग तिने मोठ्या बँकेचं कर्ज काढून बड्या लोकांना वाटलं. ते फेडेनात, म्हणून पुन्हा कर्ज. आमच्यातल्या कर्ज घेतलेल्या बायकांनी हप्ते भरले, तेही बँकेच्या व्याजातच गेले. विरजण आपणही शेजारून आणतोच की. पण ते दुधाला लावायचं असतं. यांनी उसनं विरजणच पानात वाढलं.

शेजारची शालन म्हणाली, "काकू, नका करू ऑपरेशन. नीट दिसलं तरी हे शटरच दिसणार." आम्ही हसलो.

शटर काही उघडलं नाही. अंधारून आलं तशी जी ती चपला घालून गेली. मला रंग कळेना. माझ्या मी पायानेच चाचपून शोधल्या.

निघालीस? आता इतके दिवस लावू नकोस. तुझा चेहरा मला ओळखू येतोय, तोवर लवकर ये.