बिऱ्हाडाची घोडी

म्हस्कूआबांनी बायकोला न विचारता शब्द देऊन टाकला होता. "घोडी माझी, हुकूम माझा. फिरवतो की पोरांना!"

पिंपळीजवळच्या अपंग मुलांच्या शाळेत राजनंदिनी नव्यानं शिकवायला लागली होती. घोड्यावर बसून मुलांच्या पाठीला बळ येतं, असं तिनं वाचलं होतं. मुख्याध्यापकांनी एकच शनिवार दिला. जमलं तर पुढं, नाहीतर बंद.

पहिला नंबर सोनमचा. पाय लुळे, पाठ एका अंगाला कलणारी. घोडीवर बसायचं म्हणून आठवडाभर तिनं शाळा डोक्यावर घेतली होती.

तिला वर बसवलं. दोन्ही बाजूंना दोन शिक्षिका उभ्या राहिल्या. आबांनी दोर ओढला. तांबडी घोडी हलेना. त्यांनी चुचकारलं, गूळ दाखवला, शिवी हासडली. तांबडीनं गूळ खाल्ला आणि उभीच राहिली.

मुख्याध्यापक घड्याळ बघू लागले. सोनमचे ओठ थरथरले.

कुंपणाबाहेर आबांची बायको बानूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिचा निम्मा जन्म वाटेवर गेला होता. दरसाल दिवाळी झाली की इंदापूरकडच्या माळावरून निघायचं ते थेट कोकणात. पुरुष मेंढरांमागं. घोडीवर सारं बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कोकरं, लेकरं. आणि घोडीपुढं बाई. मेंढरं विकली, तांबडी तेवढी राहिली. आबांनी तिचा दोर जन्मात धरला नव्हता.

सोनमचं तोंड बघून मात्र बानूबाईचं हसू थांबलं. ती आत आली.

"अवं, सरका. ती मेंढरू हाय का हाकायला?"

"मग तूच दाव की!"

बानूबाईनं दोर घेतला. मागं न बघता चालू लागली. तांबडी तिच्या पावलामागं. पोरांनी गिल्ला केला.

मैदानाच्या मध्यात तांबडी पुन्हा थांबली.

"आता काय झालं, मावशी?" राजनंदिनी घाबरली.

"वझं कललं की थांबती. सवयच हाय तिची. न्हायतर कोंबड्या पडत्याल."

सोनम डावीकडं झुकली होती. शिक्षिका सावरायला पुढं झाल्या.

"मी करते! हात नका लावू!"

तिनं आयाळ मुठीत धरली. दात आवळले. हळूहळू पाठ सरळ झाली. तांबडी चालू लागली.

दुसऱ्या फेरीत मुख्याध्यापकांसमोर सोनम मुद्दाम कलली. तांबडी थांबली.

"सर, पुढच्या शनिवारी पण?"

सरांना हसू आवरेना. "बरं बाई! आधी सरळ बस."

ती बसली.

"आबा," मुख्याध्यापक वळले, "शनिवारी लवकर याल ना?"

आबांनी बानूबाईकडं बोट केलं. "हुकूम तिचा हाय."