उरलेली टेप

हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर एकाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. कॉलेजात असताना मी गाण्यांची यादी नेऊन द्यायचो. शेवटी दोन-तीन मिनिटांची टेप उरली, की तो न विचारता तिथे चार भावंडांच्या एका पॉप ग्रुपचं गाणं भरायचा. कव्हरवरच्या यादीत ते हिरव्या शाईने लिहायचा. "जागा खाली काऊन ठेवाची? आयकून तं पाहा, भाऊ," म्हणायचा, मान वर न करता.

एकदा मी भर दुकानात त्याला झापलं, "तुमची आवड माझ्या कॅसेटमध्ये कोंबू नका."

"बरं," एवढंच म्हणाला.

दहा वर्षांनी त्या भावंडांचे जुने अल्बम पुन्हा निघाले. सहज आणून लावले, तर त्याने भरलेली सगळी गाणी मला पाठ होती. तसाच उठून त्याच्याकडे गेलो, सांगितलं.

"आता तं कुठीबी भेटते," तो हसला.

मी नवी यादी दिली. शेवटी टेप उरावी म्हणून मुद्दाम एक गाणं कमी लिहिलं.

घरी कॅसेट लावली. माझं शेवटचं गाणं संपलं आणि टेप संपेपर्यंत मी नुसती खरखर ऐकत बसलो.