साफ केलेली अंगाई
आमचा आतेभाऊ लोकांच्या जुन्या कॅसेट साफ करून देतो. कान असा तयार, की पंखा कोणत्या सुरात घुमतोय तेही सांगेल. गल्लीत त्याला ‘खरखर’ म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. दिवसा खरखर पुसायची आणि उरल्या वेळात तीच खरखर, दारांची करकर, कुणाकुणाचे आवाज जोडून आपलं संगीत रचायचं. मी त्याची पुष्कळ टिंगल केली. पण त्याची तबकडी निघायची ठरली, तेव्हा मीच चार घरी सांगत सुटलो.

त्या रचनेत एक बेसूर अंगाई होती. चारच सेकंदांची, फिरून फिरून येणारी. मोठ्या गवयांची थट्टा म्हणून घातलेली. तबकडीआधी ठेवलेल्या कार्यक्रमात लोक पोट धरून हसले. ती त्यानं एका निवृत्त शिक्षिकेच्या कॅसेटमधून उचलली होती, न विचारता. हसणाऱ्या लोकांत त्या बाईंची मुलगी बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या.

“आमच्या ह्यांचा आवाज काढून टाका.”

“चारच सेकंद आहेत, बाई. शिवाय विडंबन आहे, कायद्यात बसतं. वकिलांना विचारलंय मी.”

“वकील राहू द्या. हे ऐका.”

त्यांनी मूळ कॅसेट त्याच्याच यंत्रात घातली. तोच आवाज घसरला, आणि मागून एक लहान पोर खुदकन हसलं. आवाज आणखी घसरला, पोर आणखी हसलं.

“शेजारी एक गवई होते. हे मुद्दाम त्यांची नक्कल करायचे. हसल्याशिवाय आमची मुलगी झोपायचीच नाही. तुम्ही साफ करून दिलेल्या प्रतीत तिचं हसू नाही. कुठं गेलं?”

कुठं गेलं ते त्याला ठाऊक होतं. लांबून आलेलं, तुटक, बारीक. कचरा समजून त्यानंच ते पुसलं होतं.

“थट्टा ह्यांनी केलेली,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही हसं ह्यांचंच केलंत.”

वकील म्हणत राहिले, खटला झाला तरी आपणच जिंकू. आतेभावानं तबकडी काढणाऱ्या कंपनीला लिहून दिलं, आवाज माझा नाही, रचना मागे घेतो. तबकडी निघाली नाही.

मग त्यानं हसण्यासकट नवी प्रत केली आणि बाईंच्या दारी गेला. मी सोबत होतो. बाईंनी आत बोलावलं नाही.

“ठेवा तिथं,” त्या म्हणाल्या. “मुलीला आता ते ऐकवत नाही. म्हणते, बाबांचा आवाज लागला की आधी कार्यक्रमातली ती माणसंच हसायला लागतात.”